हान्स बर्गर : मेंदूच्या लहरींचा पहिला लेखक

मनुष्यानें ग्रहताऱ्यांचीं अंतरें मोजलीं, सागरतळाचा ठाव घेतला. परंतु स्वतःच्या कपाळामागें दोन बोटांवर काय चाललें आहे, हें त्याला शतकानुशतकें वाचतां आलें नव्हतें. हृदयाचा ठोका हाताला लागतो, श्वास छातीवर दिसतो. मेंदू मात्र कवटीच्या आड निःशब्द बसलेला असतो. मनुष्याच्या त्या निःशब्द अवयवाची लिपी कागदावर प्रथम उतरवून दाखविणारे जर्मन वैद्य डॉ. हान्स बर्गर यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे. हें चरित्र निव्वळ गौरवाचें नाहीं. त्यांत विलक्षण चिकाटी आहे, तसाच एक काळा डागहि आहे. आणि विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं दोहोंचाहि विचार करावा अशा योग्यतेचें तें आहे.

हान्स बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजीं जर्मनीतील कोबुर्ग शहराजवळच्या नॉयझेस या गांवीं झाला. त्यांचे वडील कोबुर्गच्या रुग्णालयाचे मुख्य वैद्य होते. आई ही कवि व प्राच्यविद्यापंडित फ्रीडरिख र्‍युकर्ट यांची कन्या. या आजोबांचें नांव आपणां भारतीयांस अगदींच परकें वाटूं नये. कारण महाभारतांतील नलदमयंतीचें आख्यान त्यांनींच १८२८ सालीं जर्मन पद्यांत उतरविलें होतें. नातवाच्या जन्मापूर्वीं ७ वर्षें ते निवर्तले. परस्परांना न पाहतांच एकमेकांचा ध्यास घेणाऱ्या दोन जीवांची कथा ज्या आजोबांनीं आपल्या भाषेंत आणली, त्यांच्याच नातवाला पुढें दूर असलेल्या दोन मनांचें कोडें पडावें, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

तें कोडें कसें पडलें तें पाहूं. ज्योतिषशास्त्र शिकावें या हेतूनें हान्स १८९२ सालीं येना येथील विद्यापीठांत गणिताचा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. परंतु त्याचें मन तेथें रमलें नाहीं. थोड्याच काळांत अभ्यास सोडून तो एका वर्षाच्या लष्करी सेवेसाठीं घोडदळांत गेला. १८९३ सालीं कवाईत चालली असतां त्याचा घोडा अकस्मात् उधळला व हान्स थेट तोफेच्या गाड्यापुढें जाऊन पडला. गाडा ऐन वेळीं थांबला म्हणूनच तो वांचला. त्याच दिवशीं सायंकाळीं त्याला वडिलांची तार आली. तींत त्याच्या खुशालीची चौकशी होती. घरून तार येण्याचा हा त्याच्या आयुष्यांतील पहिलाच प्रसंग. मागाहून उलगडा झाला तो असा कीं, कित्येक कोसांवर असलेल्या त्याच्या बहिणीला त्या दिवशीं एकाएकीं भावाविषयीं धास्ती वाटूं लागली आणि तिनें हट्ट धरून वडिलांना तार करावयास लाविलें होतें.

या प्रसंगानें त्या तरुणाचें आयुष्यच पालटलें. मृत्यूच्या दाढेंत असतांना आपल्या मनांतून कांहीं शक्ति निघाली व ती बहिणीच्या मनाला जाऊन भिडली, अशी त्याची समजूत झाली. मनाची म्हणून कांहीं शक्ति असेल तर ती मोजतां आली पाहिजे, असा त्यानें निश्चय केला. दुरून विचार पोंचतात ही गोष्ट शास्त्राच्या कसोटीला उतरलेली नाहीं, आणि बर्गर यांनाहि ती कधीं सिद्ध करतां आली नाहीं. परंतु शास्त्राच्या इतिहासांत असें पुष्कळदां घडतें : मनुष्य शोधावयास निघतो एक, आणि प्रामाणिकपणें मोजमाप करीत गेल्यास त्याला सांपडतें दुसरेंच.

येना येथें परत येऊन हान्सनें आतां वैद्यकाचा अभ्यास केला. १८९७ सालीं पदवी मिळाल्यावर तेथल्याच मनोविकार-रुग्णालयांत ऑटो बिन्सवांगर या नामांकित वैद्यांच्या हाताखालीं डॉ. बर्गर काम करूं लागले, आणि सारा जन्म त्यांनीं त्याच रुग्णालयांत घालविला. प्रथम त्यांनीं मेंदूंतील रक्ताच्या प्रवाहाचा अभ्यास केला व १९०१ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. त्यानंतर मेंदूची उष्णता मोजून तो १९१० सालीं प्रसिद्ध केला. मेंदूंत अन्नरसाचें ज्वलन होतें. त्यांतील किती शक्ति उष्णतेंत जाते, किती विजेंत जाते, आणि उरलेली विचारांत जाते काय, असा त्यांचा हिशेब चालला होता. रक्त आणि उष्णता या दोन्ही वाटांनीं हिशेब जुळेना. तेव्हां उरली ती वीज.

प्राण्यांच्या मेंदूंत वीज असते ही गोष्ट त्यापूर्वींच कळून चुकली होती. इंग्लंडांतील लिव्हरपूलचे वैद्य रिचर्ड केटन यांनीं ससे व माकडें यांच्या उघड्या मेंदूवरील विद्युत्प्रवाह १८७५ सालीं दाखवून दिला होता. परंतु मनुष्याच्या बाबतींत तें कोणीहि केलें नव्हतें. आणि अडचणहि लहान नव्हती. टॉर्चमधील एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. कवटीवरून मिळणारी मेंदूची लहर साधारण ५० मायक्रोव्होल्ट धरिली, तर ती त्या सेलच्या ३०,००० व्या हिश्शाएवढी भरते. इतकी क्षीण लहर, तीहि कातडी, हाड व केंस यांच्या पलीकडून टिपावयाची होती. बर्गर यांना तर विद्युद्यंत्रांचें शिक्षणहि बेताचेंच होतें.

या कामाची कल्पना येण्यासाठीं एक दाखला घेऊं. आपल्या करी रोड, लालबाग, परळ या भागांत एके काळीं कापडगिरण्या रात्रंदिवस चालत. १९८२ च्या संपानंतर त्या एकेक करून थंडावल्या. परंतु घरांतील वडीलधाऱ्यांना त्यांचा घरघराट अद्याप आठवत असेल. गिरणीच्या उंच भिंतीबाहेर उभें राहून विणकाम-खात्यांतला एखादा विशिष्ट माग ओळखतां येत नसे; परंतु खातें चालू आहे, मंदावलें आहे कीं बंद पडलें आहे, हें मात्र जाणत्या कानाला कळे. कवटीवर बसविलेली धातूची चकती ही अशीच भिंतीबाहेरची श्रोती असते. कोट्यवधि मज्जापेशींपैकीं एकटीचा आवाज तिला ऐकूं येत नाहीं; पुष्कळ पेशी एकदम, एका ठेक्यानें चालल्या कीं तो ठेका तिच्यापर्यंत पोंचतो.

पहिल्या महायुद्धांत लष्करी वैद्य म्हणून काम करून बर्गर येना येथें परतले, व १९१९ सालीं रुग्णालयाचे प्रमुख झाले. मनुष्य मोठे शिस्तीचे व मितभाषी होते. दिवसभर रुग्णालयाचें काम ठरलेल्या घटकेला उरकून सायंकाळीं ते आवारांतील आपल्या लहानशा प्रयोगशाळेंत जात. तेथें ते काय करतात हें सहकाऱ्यांपैकीं फार थोड्यांना ठाऊक होतें. ६ जुलै १९२४ रोजीं, शस्त्रवैद्य निकोलाय गुलेके यांनीं मेंदूवर शस्त्रक्रिया केलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून, गॅल्व्हॅनोमीटर नांवाच्या नाजुक विद्युन्मापकाच्या साहाय्यानें, त्यांना प्रथम मेंदूची क्षीण थरथर दिसली. मनुष्याच्या मेंदूच्या विद्युत्‌लेखनाचा आरंभ तो हाच.

एखाद्यानें दुसऱ्याच दिवशीं वर्तमानपत्रांकडे धांव घेतली असती. बर्गर यांनीं पांच वर्षें तोंडांतून अवाक्षर काढलें नाहीं. ही थरथर रक्ताच्या ठोक्याची तर नसेल? कपाळाच्या स्नायूंची तर नसेल? यंत्राचाच दोष तर नसेल? एकेक शंका घेऊन ते ती निवारीत. हृदयाची विद्युत्‌रेषा ते शेजारीच काढून ताडून पाहत. स्वतःच्या डोक्यावर व मुलगा क्लाऊस याच्या डोक्यावर त्यांनीं अनेक प्रयोग केले. प्रकाशचित्रणाच्या कागदाच्या लांबच लांब पट्ट्यांवर लहरी उमटत. त्यांतील प्रत्येक लहरीची उंची व लांबी डोळ्यांनीं पाहून, हातांनीं मोजून मांडावी लागे. अखेरीस १९२९ सालीं त्यांनीं आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढें १९३८ पर्यंत त्याच विषयावर एकामागून एक असे एकंदर १४ निबंध लिहिले. या लेखनाला त्यांनीं दिलेलें नांवच आज ईईजी या संक्षेपानें जगभर रूढ आहे.

त्यांना आढळलें तें असें. मनुष्य डोळे मिटून स्वस्थ बसला कीं सेकंदाला सुमारें १० या गतीनें एक ठसठशीत लहर वाहूं लागते. तिला त्यांनीं आल्फा असें नांव दिलें. डोळे उघडले, किंवा मनांतल्या मनांत गणित करावयास सांगितलें, कीं ती लहर मोडते व तिच्या जागीं बारीक, जलद अशा बीटा लहरी दिसतात. वाचकांना हें उलटें वाटेल. काम सुरू झाल्यावर लहर मोठी व्हावी, लहान कां व्हावी? शाळेच्या पटांगणावरील लेझीम आठवा. शंभर मुलें एका ठेक्यावर लेझीम खेळूं लागलीं तर तो आवाज रस्त्यापलीकडे जातो. तींच मुलें वर्गांत बसून आपापला अभ्यास करूं लागलीं म्हणजे काम अधिक होतें, परंतु बाहेर ऐकूं येते ती केवळ कुजबूज. मेंदूचेंहि तसेंच आहे.

जगानें मात्र या शोधाचें स्वागत केलें नाहीं. एका आडबाजूच्या मनोविकार-वैद्यानें, बेताच्या यंत्रांवर, एकट्यानें काढलेल्या या रेषांवर शरीरशास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. १९३४ सालीं इंग्लंडांतील केंब्रिज येथें नोबेल पारितोषिक मिळविलेले एड्रियन व त्यांचे सहकारी मॅथ्यूज यांनीं आपल्या यंत्रांवर तोच प्रयोग करून पाहिला, व एड्रियन यांच्या स्वतःच्या डोक्यावरून तीच लहर निघाली. त्यांनीं उदार अंतःकरणानें त्या लहरीला बर्गर यांचेंच नांव दिलें. पांच वर्षें जो शोध संशयांत पडून होता, तो दुसऱ्याच्या हातून सिद्ध होतांच जगाचा झाला. पाठोपाठ १९३५ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड येथें गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स या संशोधकांनीं अपस्माराच्या एका प्रकारांत सेकंदाला ३ वेळां येणारी टोकदार लहर दाखविली. वर्गांत बोलतां बोलतां कांहीं क्षण शून्यांत पाहणारें व पुन्हा भानावर येणारें एखादें मूल असतें. शिक्षक त्यास बेसावध म्हणून रागें भरतात. त्यांतील कांहीं मुलें बेसावध नसून आजारी असतात, हें त्या रेषेनें उघड केलें. असे कित्येक विद्यार्थी तेव्हांपासून नाहक शिक्षेंतून सुटले असतील.

येथवर चरित्र लिहिणाराची लेखणी आनंदानें चालते. पुढें ती जड होते. १९३३ सालीं जर्मनींत हिटलरची सत्ता आली, आणि त्याच वर्षीं तेथें असा कायदा झाला कीं, ज्यांचे रोग आनुवंशिक मानले गेले त्यांना अपत्य होऊं नये म्हणून त्यांच्यावर सक्तीनें शस्त्रक्रिया करावी. त्या यादींत कांहीं मनोविकार होते, जन्मांधता होती, बहिरेपणा होता, आणि अपस्मारहि होता. या कायद्याखालीं सुमारें ४ लक्ष स्त्रीपुरुषांवर शस्त्रक्रिया झाल्या असें इतिहासकार मानतात. निवाडे करणारीं विशेष न्यायालयें बंद दारांआड भरत. न्यायाधीशासमवेत तेथें वैद्यहि बसत. येना येथील अशा न्यायालयांत डॉ. बर्गर बसले होते. पूर्वींच्या कित्येक चरित्रांत त्यांना त्या राजवटीचे विरोधक म्हणून रंगविलें आहे, व १९३८ सालीं त्यांना सक्तीनें घरीं बसविलें असें म्हटलें आहे. अलीकडे जुनीं दफ्तरें तपासली गेलीं तेव्हां हें चित्र टिकलें नाहीं. ते वयाच्या ६५ व्या वर्षीं रीतसर निवृत्त झाले, आणि त्या राजवटीच्या कामांत त्यांचा सहभाग होता, हें आतां स्पष्ट झालें आहे.

ज्या शोधानें अपस्माराच्या रोग्यांना सर्वांत अधिक आधार दिला, त्या शोधाच्या जनकानें, ज्या कायद्यानें त्याच रोग्यांचा माणूस म्हणून अधिकार हिरावून घेतला, त्या कायद्याच्या आसनावर बसावें, याहून शोचनीय विसंगति ती कोणती? बुद्धि मोठी असली म्हणून विवेक आपोआप जागा राहत नाहीं. आपणहि फार शेखी मिरवूं नये. आपल्या देशांतील हिंदु विवाह कायद्यांत अपस्मार हें विवाहाला बाधक कारण म्हणून १९९९ सालापर्यंत नमूद होतें. आणि कायद्यांतून गेलेली गोष्ट लोकांच्या मनांतून गेली आहे असें अजून म्हणवत नाहीं.

निवृत्तीनंतर बर्गर यांची प्रकृति ढासळली. खोल खिन्नतेच्या विकारानें त्यांना ग्रासलें, आणि १ जून १९४१ रोजीं येना येथें त्यांनीं आपल्याच हातानें जीवनाचा शेवट केला. जन्मभर इतरांच्या मनोविकारांवर उपचार करणाऱ्यालाहि हा विकार सोडीत नाहीं, यावरून तो दुबळेपणा नसून आजार आहे हें ध्यानीं घ्यावें, व तसें कोणास वाटूं लागल्यास वेळींच घरच्यांस आणि वैद्यांस सांगावें.

मनुष्य गेला, लहरींचें लेखन मात्र वाढत राहिलें. बर्गर एका वेळीं एक-दोन रेषा काढीत; आज डोक्यावर १९ किंवा अधिक ठिकाणीं चकत्या बसवून तितक्याच रेषा एकाखालीं एक काढतात. कागदाची जागा संगणकानें घेतली. १९३२ सालीं बर्गर यांच्या रेषांचें गणिती पृथक्करण त्यांचे सहकारी डीट्श यांनीं केलें, तेव्हां एका तोकड्या तुकड्यासाठीं किती तरी आंकडेमोड करावी लागली. आज तेंच काम संगणक निमिषांत करितो. आणि आनंदाची गोष्ट ही कीं, त्यासाठीं लागणारीं सॉफ्टवेअरें कांहीं विद्वानांनीं सर्वांस मुक्त करून टाकिलीं आहेत. अमेरिकेंतील सान दिएगो येथील ईईजीलॅब, नेदरलंड्समधील नायमेखेन येथील फील्डट्रिप, आणि पायथन या खुल्या संगणकभाषेंत लिहिलेलें एमएनई हीं त्यांपैकीं प्रमुख होत. त्यांना मुक्त म्हणण्याचें कारण केवळ तीं फुकट मिळतात हें नव्हे. त्यांच्या आंतील सूत्रें कोणीहि वाचावीं, तपासावीं, सुधारावीं व दुसऱ्यास द्यावीं अशी मुभा असते.

हीं सॉफ्टवेअरें करतात काय? विजेच्या तारांची सेकंदाला ५० वेळां होणारी गुणगुण लेखनांत मिसळते, ती तीं गाळतात. पापणी लवली कीं मोठी लाट येते, ती ओळखून वेगळी काढतात. गुंतलेल्या लहरींतून आल्फा किती, बीटा किती, हें निवडून देतात, व मस्तकाच्या नकाशावर कोठें कोणती लहर प्रबळ आहे तें रंगांनीं दाखवितात. बर्गर यांना ज्या शंकांनीं पांच वर्षें छळलें, त्याच शंका निवारण्याचीं हीं साधनें आहेत. फरक इतकाच कीं, आतां एकट्यानें प्रयोगशाळेंत झुरावें लागत नाहीं. बोस्टन येथील बाल-रुग्णालयांतील अपस्मारग्रस्त मुलांचीं लेखनें नांवें वगळून अभ्यासकांस खुलीं ठेविलीं आहेत. तीं घेऊन करी रोडच्या एखाद्या चाळींतील हुशार विद्यार्थीहि तोच अभ्यास करूं शकतो. मात्र एक गोष्ट विसरूं नये : सॉफ्टवेअर रेषा दाखवितें, रोगाचें निदान करावयाचें तें तज्ज्ञ वैद्यानेंच.

पालकांसाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आपल्या शेजारीं परळ येथें १९२६ सालीं स्थापन झालेलें के. ई. एम. रुग्णालय आहे. तेथें, व इतर मोठ्या रुग्णालयांत, मेंदूचें हें लेखन केलें जातें. या तपासणींत मेंदूंत वीज सोडीत नाहींत. मेंदूची वीज केवळ ऐकतात. तींत दुखत नाहीं. कोणास फेफरें आल्यास कांदा किंवा वहाण हुंगविणें व्यर्थ आहे. रोग्यास कुशीवर वळवावें, डोक्याखालीं मऊ कांहीं ठेवावें, तोंडांत कांहींहि घालूं नये, हातपाय दाबून धरूं नयेत. आणि झटका ५ मिनिटांहून अधिक टिकल्यास त्वरित रुग्णालयांत न्यावें. ज्या मुलाला हा आजार आहे, त्याला लपवूं नये. योग्य औषधानें बहुतेकांचे झटके आटोक्यांत राहतात, व तीं मुलें इतरांप्रमाणेंच शिकतात.

विद्यार्थिमित्रहो, बर्गर यांच्या चरित्रांतून काय घ्यावें? त्यांची चिकाटी घ्यावी; आपल्याच शोधाला शंकेच्या कसोटीवर घांसून पाहण्याची त्यांची वृत्ति घ्यावी. परंतु शोध जगापुढें उघडा होऊन दुसऱ्यानें पारखला तेव्हांच तो खरा ठरला, आणि बंद दारांआड दिलेले निवाडे मात्र कोणाला पारखतां न आल्यामुळें लाखोंचा घात करून गेले, हेंहि विसरूं नये. ज्ञान उघडें असावें आणि तें दुर्बलांच्या कामीं यावें. मेंदूंतील वीज यंत्राला दिसते. तिचा उपयोग कोणासाठीं करावा हें सांगणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं, आणि तें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे.